चिन्नोरचा एक दाणा

गोरेगाव,
जि. गोंदिया,
१८ सप्टेंबर २०२५

चि. नंदलाल यास,
आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहितो आहे. एक तर फोनवर बोललेलं विम्यात धरत नाहीत. दुसरं म्हणजे तुझा फोन आला की आमच्याकडे तो स्पीकरवर लावला जातो आणि रेणू 'ऐकलं का, ऐकलं का' करत अख्ख्या घराला बसवून ऐकवते. तुझी बायको टीना ही तिची सख्खी धाकटी बहीण आहे, हे मान्य. पण टीनाचा फोन ती कधी स्पीकरवर लावत नाही.

पेपरातला तुझा फोटो पाहिला. पाहावाच लागला. रेणूने तो फ्रिजवर चिकटवला आहे, आमच्या 'रेणू फोटो स्टुडिओ'च्या कॅलेंडरवर, बरोबर माझ्या नावावर. कमळ खालून कसं दिसतं हे जगाला दाखवलंस, छान. बावीस वर्षं मी लग्नं काढतो आहे. तालुक्यातल्या अर्ध्या नवऱ्या माझ्या कॅमेऱ्यापुढून सासरी गेल्या. पेपरवाल्यांना त्यातली एकही दिसली नाही. तू बुडी मारून कमळाचे पाय काढलेस आणि एका रात्रीत 'पाण्याखालचा कलावंत' झालास. असो. ज्याचं त्याचं नशीब.

फक्त नोंद म्हणून लिहितो: कोहमाऱ्याच्या त्या लग्नात लाइट धरायला तुला पहिल्यांदा मीच नेलं होतं. नवरदेव सोडून तू तो जिलबीवर धरला होतास. पेपरात यातलं काही आलेलं नाही.

आता कामाचं. तू ट्रॅक्टर घेणार होतास, तो सोडून पाण्यातला कॅमेरा घेतलास. नागपूरच्या संस्थेने तलावातलं गवत आणि मासे टिपायचं काम दिलं, म्हणून हुरळून जाऊ नकोस. कॅमेरा गेला तर काम गेलं, आणि ट्रॅक्टर तर आधीच गेला आहे. मी विमा एजंटही आहे, हे घरातल्या लोकांना आठवत नाही, म्हणून आठवण करून देतो. धोके तीन: कॅमेरा ज्यात बंद करून पाण्यात नेतोस त्या डब्यात पाणी शिरणं, वस्तू हरवणं, चोरी. तिन्हींचा विमा काढ. सोबत फॉर्म आहे. सगळी उत्तरं लेखी दे. तोंडी चालणार नाही.

तुझा,
चंद्रकुमार कटरे

*

डोंगरटोला,
२४ सप्टेंबर

चंद्रकुमार भाऊजी,
साष्टांग.

तुमचं पत्र भेटलं. काऊन एवढा राग करून राहिले जी? तो पेपरवाला कमळाचा फोटो काढाले आला होता, मी मधात सापडलो. टीनानं तर तो पेपर लोणच्याच्या बरणीखाली घातला.

फॉर्म भरून पाठवतो. काही उत्तरं बरोबर आहेत का, पाहून घ्या.

'कॅमेरा किती खोलीवर वापरता?' मी लिहिलं, दोन पुरुष. कंपनीले पुरुष समजत नसेल तर तुम्ही मीटर करून टाका.

'चोरीची शक्यता?' तलावात चोर कोन येईल? आमचा कवडू, ज्याच्या डोंग्यात बसून मी जातो, तो म्हणते, कासव नेऊ शकते. ते लिहिलं नाही.

'वापरात नसताना वस्तू कुठे ठेवता?' धानाच्या कोठीत. तिथं उंदीर जात नाही आणि टीनाचे पाहुणेही.

'वस्तू कोण कोण हाताळतं?' फक्त मी. हे खरं आहे, भाऊजी. डब्याच्या झाकणाले एक रबराची रिंग असते. तिच्यावर केस पडला, वाळूचा कण पडला, तरी पानी आत शिरते. म्हणून मी टीनालेही हात लावू देत नाही. दसऱ्याले आपल्या सासऱ्याकडे, भैयाजीकडे पूजेत ठेवतो, पण डबा पॅक करूनच आणीन. तिथून थेट तलावावर जायचं आहे.

तुम्ही शिकवलं नसतं तर मी आजही जिलबीवरच लाइट धरून राहिलो असतो. हे पेपरात यायले पाहिजे होतं, हे तुमचं खरं आहे.

तुमचा,
नंदलाल

*

गोरेगाव,
४ ऑक्टोबर

चि. नंदलाल यास,

पॉलिसी सोबत आहे. चोवीस पानं आहेत, वाचायच्या भानगडीत पडू नकोस. कोणी वाचत नाही. मीही नाही.

दसरा पार पडला. सासऱ्यांच्या घरी हत्यारांना आणि यंत्रांना कुंकू-अक्षता लावायचा मान मोठ्या जावयाचा. गेली एकोणीस वर्षं तो मी पाळतो आहे. विळे, कुदळ, पंप, सासूबाईंचं शिलाई मशीन, भैयाजींचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टर पहिला, हा क्रम आहे. या वर्षी पाटावर सगळ्यांत पुढे तुझा डबा! वर सासूबाई म्हणतात, "आधी नंदलालजींच्या कॅमेऱ्याले लावा, त्याच्यात पानी-बिनी नको जायले." ट्रॅक्टरमध्ये काही जात नाही वाटतं? भैयाजींनी तर पाहुण्यांना बोलावून बोलावून डबा दाखवला. माझी ओळख कशी करून दिली, ऐकलंस ना? "हे नंदलालजींचे साडभाऊ." एकोणीस वर्षं मी त्या घरचा जावई आहे, नंदलाल. त्या दिवशी मी तुझा साडभाऊ झालो.

तरी मी माझं काम केलं. डब्याला बाहेरून टिळा लावला, चिमूटभर अक्षता टाकल्या आणि मोकळा झालो. त्यानंतर डबा कुठे होता, मला ठाऊक नाही. एवढं नाव झालेला कॅमेरा, पण हातात घेतला तर कोंबडीएवढाही जड नाही. म्हणजे तसं दिसतं, लांबून.

पॉलिसीची पोच लेखी दे.

चंद्रकुमार

*

डोंगरटोला,
९ ऑक्टोबर

भाऊजी,

पोच देतो, पण पॉलिसीची नाही, दुःखाची.

पाच तारखेले भैयाजीकडून निघालो तो थेट तलावात उतरलो. कवडू वर डोंग्यात. अर्धा पुरुष खाली गेलो नाही तोच डब्यातून बुडबुडे. मले वाटलं मासा आहे. मासा नव्हता. वर येईपर्यंत डब्यात कपभर पानी, आणि माझा कॅमेरा त्याच्यात झोपून राहिलेला. कवडूनं डोंगा काठाले लावला आणि काही बोलला नाही. तो बोलत नाही म्हनजे काय झालं ते समजून घ्या.

डबा मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी साफ केला, रिंगले ग्रीस लावलं, बंद केला. त्यानंतर उघडलाच नाही. मग पानी आलं कुठून?

टीनानं कॅमेरा तांदळाच्या पोत्यात पुरून ठेवला आहे, मोबाईल भिजला की ठेवतात तसा. रोज सकाळी आम्ही दोघं पोत्यातून काढून पाहतो. जिवंत होत नाही.

संस्थेचा माणूस म्हणाला, जानेवारीत पानी उतरायच्या आधी काम पाहिजे, नाहीतर चंद्रपूरच्या माणसाले देऊन टाकू. भाऊजी, विम्याचं लवकर करा. आता तुम्हीच आहात.

नंदलाल

*

गोरेगाव,
१३ ऑक्टोबर

चि. नंदलाल यास,

वाचून फार वाईट वाटलं. रेणू तर जेवली नाही. मी जेवलो, कारण कोणीतरी शाबूत राहायला पाहिजे.

दाव्याचे कागद आजच कंपनीकडे रवाना केले. पण तुला मोठा म्हणून दोन शब्द सांगतो. यंत्राला वेळ द्यावा लागतो. मी माझा कॅमेरा रोज कापडाने पुसतो. तू हल्ली मुलाखती देतोस. पेपरवाले, संस्थेवाले, शाळेत भाषण. एवढ्या गर्दीत एखाद्या वेळेस रिंग नीट बसली नसेल. माणूस मोठा झाला की असं होतं. मी मोठा झालो नाही, म्हणून माझ्या हातून असं होत नाही.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. पंचवीस नोव्हेंबरला गोरेगावातच मोठं लग्न आहे. तुझ्याकडे सध्या काम नसेल तर ये. लाइट धर. पूर्वीसारखं. तुझी जागा मी कोणाला दिलेली नाही.

ता. क.: कमळाचा फोटो रेणूने फ्रिजवरून काढलेला नाही. आता त्याला हार घालायचं बाकी आहे.

चंद्रकुमार

*

डोंगरटोला,
३० ऑक्टोबर

भाऊजी,

विमा कंपनीचा नागपूरचा सर्व्हेअर काल येऊन गेला. भिंग घेऊन आला होता. डब्याची रिंग चिमट्यानं उचलली, तर तिच्याखाली तांदळाचा एक दाना. अख्खा. आणि लालसर.

तो लगेच लिहायले लागला, 'तांदळाच्या पोत्यात ठेवल्यामुळे दाणा आत गेला, मालकाचा हलगर्जीपणा.' मी म्हटलं, साहेब, हात थांबवा. पोत्यात पुरला तो कॅमेरा. डबा तर ओसरीवरच होता. आणि आमच्या घरी जाड तांदूळ खातो. हा दाना पाहा, बारीक, अणकुचीदार. हा चिन्नोर आहे. तो म्हणाला, तांदूळ तो तांदूळ. आता नागपूरच्या माणसाले काय सांगायचं? मी आमचा जाड दाना आणि हा, दोन्ही हातावर घेऊन दाखवले. कवडू म्हणाला, चावून सांगतो. त्यानं दाना तोंडापर्यंत नेलाही होता. सर्व्हेअरनं झडप घालून हिसकला, नाहीतर आपला पुरावा कवडूच्या पोटात गेला असता.

चिन्नोर आपल्या नात्यात एकाच घरी पिकते, भाऊजी. भैयाजीकडे. आणि त्याले कुंकू लागलेलं, म्हणजे ती दसऱ्याची अक्षता. ते सर्व्हेअरलेही पटलं. बाहेरून टाकलेली अक्षता रिंगच्या आत जात नाही. डबा कोणीतरी उघडला आणि पुन्हा बंद केला.

सर्व्हेअरनं सांगितलं: मी स्वतः उघडला असेल तर क्लेम नाही. पण दुसऱ्या कोणी मले न सांगता उघडला असेल, तर पान चौदा, 'अन्य व्यक्तीकडून अपघाताने'. क्लेम बसते. फक्त त्या व्यक्तीनं तसं लेखी द्यायले पाहिजे. मी पान चौदा वाचलं, आहे तसं.

पूजा तुमच्या हातची होती, म्हणून विचारतो. तुम्ही कोणाले पाहिलं काय? कोणावर राग नाही. फक्त दोन ओळी पाहिजेत.

नंदलाल

*

गोरेगाव,
३ नोव्हेंबर

नंदलाल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रश्न विचारलास की आरोप केलास, हे मला कळलेलं नाही.

त्या दिवशी त्या घरात माणसं किती होती? भैयाजी पाहुण्यांना डबा उलटापालटा करून दाखवत होते. सासूबाईंना प्रत्येक गोष्टीचं झाकण उघडून बघायची सवय आहे. भाजीचं असो, शेजाऱ्यांचं असो. टीनाही होती. तुझीच बायको, तू तिला हात लावू देत नाहीस म्हणतोस, मग तिला कधीतरी वाटलंच असेल. त्यांना सोडून विमा एजंटाला पत्र?

आणि एका दाण्यावरून घर ओळखतोस? उद्या भाताच्या वाफेवरून खानदान सांगशील. पाण्याखाली राहून राहून तुला सगळंच दिसायला लागलं आहे.

तुला लेखीच पाहिजे ना? घे. मी, चंद्रकुमार कटरे, राहणार गोरेगाव, लेखी देतो की मी डब्याला बाहेरून टिळा लावला. त्याउपर हात लावला नाही.

चंद्रकुमार

*

डोंगरटोला,
१२ नोव्हेंबर

भाऊजी,

कॅमेरा मेला तो मेला. पण त्याच्यातलं कार्ड जिवंत निघालं. मी ते गोंदियाले नेऊन दाखवलं. कमळं निघाली, मासे निघाले. आणि शेवटी एक व्हिडिओ निघाला, तीन मिनिटं चाळीस सेकंद, दसऱ्याचा. बटन चुकून दाबलं गेलं असेल.

आधी तुमचा अंगठा दिसते. मग भैयाजीची आतली खोली, आलमारीचा आरसा. मग तुम्ही. माझा पाण्याचा चष्मा लावून. कॅमेरा छातीशी धरून आरशात पाहून राहिले.

तुम्ही बोलले ते लिहितो, तुम्हाले लेखी आवडते म्हणून: "नमस्कार. मी चंद्रकुमार कटरे. मी आत्ता तलावाच्या तळाशी आहे. इथे फार शांत आहे. इथे कोणाचं लग्न नाही." मग मान इकडून तिकडे करून पाहिलं, मासा पाहते तशी. मग बाहेरून रेणूताईचा आवाज, "अहो, जेवायले या!" मग तुमची घाई. तुमच्या तळहाताले अक्षता चिकटून होत्या, ते दिसते. मग पुन्हा अंगठा, आणि बंद.

चष्म्यावर वाफ आली होती, भाऊजी. तुम्हाले दाना दिसला नसेल. मलेही दिसला नसता.

मी काही संत नाही. दोन दिवस मी तो व्हिडिओ पाहून हसून राहिलो होतो. टीनानं विचारलं तर म्हटलं, मासा आहे. तिसऱ्या दिवशी हसू आलं नाही. बावीस वर्षं तुम्ही दुसऱ्याची लग्नं काढली आणि तुमचा असा एक फोटो नाही, हे माझ्या ध्यानात कधी आलंच नव्हतं.

व्हिडिओ कंपनीले पाठवला तर क्लेम उद्या पास. पण मग तो तिथं दहा लोक पाहतील, आणि हसतील. म्हणून पाठवत नाही. टीनालेही दाखवला नाही. क्लेम गेला तर जाऊ द्या. चंद्रपूरचा माणूसही कोणाचा तरी जवाई असेल.

पंचवीस तारखेले लाइट धरायले येतो. जिलबीवर धरणार नाही.

नंदलाल

*

गोरेगाव,
१६ नोव्हेंबर

नंदलाल,

तू व्हिडिओ कंपनीला पाठवला असतास तर मला तुझा मनापासून राग करता आला असता. तेवढंही सुख तू ठेवलं नाहीस.

सोबत कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत आहे. त्यात लिहिलं आहे की दसऱ्याच्या दिवशी मालकाला न विचारता मी डबा उघडला, कॅमेरा हाताळला आणि अक्षता लागलेल्या हाताने तो बंद केला. तीन नोव्हेंबरचं माझं पत्र खोटं होतं, हेही लिहिलं. ते लिहिताना अक्षर खराब आलं, पण वाचता येतं.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'कृतीचे कारण'. एकच ओळ जागा. मी 'पूजा' लिहून खोडलं. मग 'कुतूहल' लिहिलं आणि तसंच ठेवलं. खरं कारण एका ओळीत मावणारं नव्हतं, आणि विमा कंपनीला कशाला कळायला पाहिजे की एखाद्या माणसाला साडभावाचा फ्रिजवरचा फोटोही बघवत नाही.

एजन्सीचं काय करतात बघू. एजंटानेच पाणी आत सोडलं, असा त्यांना आजवर कोणी भेटला नसेल. निदान एका बाबतीत तरी मी जिल्ह्यात पहिला आहे.

रेणूला डबा उघडल्याचं सांगितलं. आरशाचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "नंदलालजींचं मन किती मोठं!" कबुली मी दिली, मन तुझं मोठं झालं. हे कसं जमवतोस, ते एकदा शिकव.

लाइट धरायला येऊ नकोस. मी दुसरा माणूस पाहिला आहे. तू तुझं पाणी बघ.

चंद्रकुमार

*

डोंगरटोला,
२० डिसेंबर

भाऊजी,

क्लेम पास झाला! नवा कॅमेरा परवा आला. काल उतरलो, पानी थंड होतं, डबा कोरडा. संस्थेचं काम जानेवारीच्या आत होऊन जाईल. कवडू बोलायले लागला.

तुमची एजन्सी सहा महिने थांबवली, ते समजलं. त्याचं वाईट वाटून राहिलं आहे. हे मी फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्याकडे स्पीकर असते.

सोबत एक फोटो पाठवतो. त्या व्हिडिओतून काढला आणि गोंदियाले मोठा करून घेतला. आरशाची कडा कापून टाकली, नुसता चेहरा ठेवला. माझ्या सगळ्या फोटोंत मले हाच आवडते. मूळ कार्ड तुमच्यासाठी वेगळं ठेवलं आहे. याल तेव्हा घेऊन जा.

आणि या. चष्मा दुसरा घेतला आहे, मोठ्या मापाचा. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातच उतरू.

नंदलाल

*

गोरेगाव,
२८ डिसेंबर

चि. नंदलाल यास,
आशीर्वाद.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. पोहता येतं का, असं विचारू नकोस. कमरेएवढं म्हणालास, तो शब्द पाळ. येताना भैयाजींकडून चिन्नोर आणतो आहे. शिजवलेला. कच्चा एक दाणाही तुझ्या डब्याजवळ येणार नाही, हे लेखी देतो.

आता फोटोचं. तुझा लिफाफा आला तेव्हा मी स्टुडिओत होतो. रेणूने उघडला, पत्र न वाचता फोटो तेवढा काढून घेतला. संध्याकाळी घरी आलो तर फोटो फ्रिजवर. कमळ काढून तिथे लावला आहे, सगळ्यांत वर. चष्मा, त्यावर वाफ, ओठ मिटलेले, आणि डोळे कुठेतरी लांब. मी दारातच उभा राहिलो.

रेणू म्हणाली, "पाहिलं का? नंदलालजींनी नवा फोटो पाठवला. स्वतःचाच असेल, पाण्याखालचा. चेहऱ्यावर काय शांती आहे पाहा! तुम्ही कधी असे दिसता का?"

मी नाही म्हणालो.

ती कणीक मळता मळता तीनदा उठून फ्रिजपाशी गेली. रात्री टीनाला फोन करून सांगितलं, की तुझा नवरा त्या फोटोत अगदी वेगळाच माणूस दिसतो. हा फोन मात्र स्पीकरवर नव्हता. मला शेजारच्या खोलीतून कान देऊन ऐकावा लागला. टीना काय म्हणाली ते कळलं नाही. तिने काही ओळखलं असेल, तर तिला गप्प बसव.

बावीस वर्षांत माझा फोटो पहिल्यांदा आमच्या फ्रिजवर लागला आहे, आणि मी रोज येता जाता त्या माणसाकडे वाकड्या नजरेने बघतो.

खरं सांगायला किती वेळ लागणार होता? एक वाक्य. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती तेव्हा फोटोपुढे उभी होती, पिठाचे हात तसेच, आणि बघत होती. बघतच होती. तूही काही बोलू नकोस. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, नंदलाल, ती माझ्याकडे इतका वेळ कधी बघत उभी राहिलेली नाही.

तुझा,
चंद्रकुमार